वेग कुठवर? लिफ्टपासून ताऱ्यांपर्यंत

चीनमधील ग्वांगझू शहरात सीटीएफ फायनान्स सेंटर ही गगनचुंबी इमारत आहे. तिथे हिताची कंपनीने बसवलेल्या लिफ्टने २०१९ मध्ये सेकंदाला २१ मीटर वेग गाठला. तासाच्या हिशेबात हा वेग सुमारे ७५ किलोमीटर होतो. २४ डिसेंबर २०२४ रोजी ‘नासा’चे पार्कर सोलर प्रोब हे यान सूर्याच्या जवळून गेले, तेव्हा त्याचा वेग तासाला सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर होता. दोन्ही माणसाचीच निर्मिती. पण एकीचा वेग दुसरीच्या नऊ हजार पटींहून अधिक. लिफ्टला जे जमत नाही ते यानाला कसे जमते? आणि यानाच्याही पुढे, विश्वातल्या वस्तू किती वेगाने जाऊ शकतात?

या प्रश्नाचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला त्या वेगाचा काहीही त्रास होत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते आहे आणि तिच्यावर आपण शांत झोपतो. त्रास होतो तो वेग बदलताना, म्हणजे वाढताना आणि कमी होताना. त्यामुळे ‘किती वेगाने जाता येईल’ या प्रश्नाच्या पोटात ‘थांबता कसे येईल’ हा प्रश्न दडलेला असतो.

लिफ्टची कथा ब्रेकपासून सुरू होते

दोराने माल वर चढवण्याची युक्ती प्राचीन आहे. तरी माणसे लिफ्टमध्ये बसायला धजत नव्हती, कारण दोर तुटला तर काय, याला उत्तर नव्हते. ते उत्तर अमेरिकेतील एलिशा ओटिस यांनी दिले. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ते उंचावरच्या फळीवर उभे राहिले आणि त्यांनी लोकांच्या देखत दोर कापून घेतला. फळी थोडीशी घसरून जागीच अडकली. दोराचा ताण गेला की एक स्प्रिंग मोकळी होऊन बाजूच्या दात्यांत अडकावी, अशी ती रचना होती. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरील हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात पहिली प्रवासी लिफ्ट सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर होता. आजचे उंच शहर उभे राहिले ते या संथ लिफ्टमुळे, कारण ती थांबेल याचा भरवसा होता.

त्यानंतर वेग वाढत गेला. जपानमधील योकोहामा लँडमार्क टॉवरमध्ये १९९३ साली सेकंदाला १२.५ मीटरची लिफ्ट आली. २००४ मध्ये तैपेई १०१ या इमारतीत तोशिबाची लिफ्ट सेकंदाला सुमारे १६.८ मीटरने धावू लागली. पाचव्या मजल्यावरून एकोणनव्वदाव्या मजल्यावर ती ३७ सेकंदांत पोचते. शांघाय टॉवरमध्ये मित्सुबिशीने २०.५ मीटरचा टप्पा गाठला आणि मग ग्वांगझूचा २१ मीटरचा उच्चांक आला. दीडशे वर्षांत वेग शंभरपट झाला. मात्र गेल्या वीस वर्षांतली वाढ पाहिली तर ती मंदावलेली दिसते. त्यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण अंतराचे. उभ्या माणसाला लिफ्टमध्ये अस्वस्थ वाटू नये म्हणून वेग दर सेकंदाला साधारण एक मीटरनेच वाढवतात. या गतीने २१ मीटरचा वेग गाठायला २१ सेकंद लागतात आणि तेवढ्यात २२० मीटर उंची चढून होते. थांबायलाही पुन्हा २१ सेकंद आणि २२० मीटर हवेत. म्हणजे एकूण ४४० मीटर आणि ४२ सेकंद. ग्वांगझूच्या लिफ्टचा पहिल्या मजल्यापासून पंच्याण्णवाव्या मजल्यापर्यंतचा प्रवास बरोबर एवढाच आहे! उच्चांकी वेग गाठताक्षणी तो उतरवायला सुरुवात करावी लागते. याहून वेगवान लिफ्ट हवी असेल तर आधी याहून उंच इमारत हवी, किंवा प्रवाशांनी जास्त झटका सोसायला हवा.

दुसरे कारण आपल्या कानात आहे. समुद्रसपाटीजवळ ४४० मीटर वर गेले की हवेचा दाब सुमारे पाच टक्के कमी होतो. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा घशाकडे उघडणाऱ्या नलिकेतून आपोआप बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नलिका मिटलेली राहते आणि आवंढा गिळल्याशिवाय कान मोकळे होत नाहीत. म्हणूनच तैपेई १०१ मधली लिफ्ट वर जाते तेव्हा मिनिटाला १,०१० मीटर वेगाने जाते आणि खाली येते ती ६०० मीटर वेगाने. डब्यातला दाब हळूहळू बदलणारी यंत्रणाही तिथे बसवलेली आहे. मोटारीची ताकद वाढवता येते. माणसाचा कान बदलता येत नाही.

तिसरे कारण दोराचे. पोलादी दोर जसजसा लांब होतो तसतसे त्याचे स्वतःचेच वजन त्याला पेलवेनासे होते. साधारण ५०० मीटरच्या पुढे ही अडचण गंभीर बनते. त्यामुळे फार उंच इमारतींत मधल्या मजल्यावर उतरून दुसरी लिफ्ट पकडावी लागते. फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ मध्ये कार्बन तंतूंचा हलका दोर जाहीर केला. त्याने एका दमात एक किलोमीटर जाता येईल असा कंपनीचा दावा आहे. जर्मनीत रॉटवाइल गावातल्या २४६ मीटर उंच मनोऱ्यात थायसनक्रुपने दोरच नसलेल्या, चुंबकी बलावर चालणाऱ्या लिफ्टची चाचणी २०१७ मध्ये सुरू केली.

उंचीइतकीच खोलीही इथे लक्षात घ्यायला हवी. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग ही सोन्याची खाण जवळजवळ चार किलोमीटर खोल आहे आणि तिथले पिंजरे तासाला ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने कामगारांना खाली नेतात. तेथेही दोराच्या मर्यादेमुळे वाटेत पिंजरा बदलावा लागतो. आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचीही खोली तीन किलोमीटरच्या पुढे गेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह तिथे दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे मांडली. वैश्विक किरणांमुळे वातावरणात जन्मणारे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे न्यूट्रिनो कण १९६५ मध्ये तिथे टिपले गेले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही अशीच नोंद झाली. विश्वातल्या अतिशय चपळ कणांना भेटण्यासाठी माणूस खाणीच्या पिंजऱ्यातून खाली उतरला होता.

दोर तुटला तर

लिफ्ट आणि अंतराळ यांना जोडणारा दुवा आइन्स्टाइन यांना सापडला. १९०७ मध्ये त्यांच्या मनात आले, की उंचावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचे वजन जाणवणार नाही. पुढे त्यांनी हा विचार बंद लिफ्टच्या उदाहरणाने समजावला: मुक्तपणे पडणाऱ्या लिफ्टमधल्या माणसाला आपण पडतो आहोत, की ताऱ्यांपासून दूर निर्वात पोकळीत तरंगतो आहोत, हे आतल्या कोणत्याही प्रयोगाने ओळखता येणार नाही. सामान्य सापेक्षतेचा पाया या कल्पनेत आहे.

जर्मनीतील ब्रेमेन शहरात हा विचार रोज प्रत्यक्षात येतो. तिथल्या १४६ मीटर उंच मनोऱ्यातल्या निर्वात नळीत उपकरणांनी भरलेली कुपी ११० मीटर पडते. सुमारे ४.७ सेकंद आतली प्रत्येक वस्तू वजनरहित होते. शेवटी कुपीचा वेग तासाला १६० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. यात अवघड भाग पडण्याचा नसतो, ती कुपी अलगद झेलण्याचा असतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक हीदेखील अशीच पडणारी लिफ्ट आहे. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ९० टक्के शिल्लक असते. तरीही अंतराळवीर तरंगतात, कारण ते अखंड पडत असतात. आडवा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटर असल्याने पडता पडता जमीनही खाली वळत जाते आणि स्थानक जमिनीला कधी टेकत नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला याच वेगाने पृथ्वीभोवती फिरले.

शरीर वेगाला घाबरत नाही, झटक्याला घाबरते, याची कसोटी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवर घेतली. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या घसरगाडीवर ते तासाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाच्या ४६ पट बल आले. ते वाचले, पण डोळ्यांत रक्त उतरून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उलट मे १९६९ मध्ये अपोलो १० चे तीन अंतराळवीर तासाला ३९,८९७ किलोमीटर वेगाने पृथ्वीकडे परतले. तोपर्यंत कोणताही माणूस इतक्या वेगाने गेला नव्हता. तो वेग सावकाश मिळाला होता, म्हणून त्यांना त्याचा त्रास झाला नाही.

रॉकेटचा हिशेब

यानाला दोर नसतो. मागे वायू फेकून ते पुढे जाते. या प्रवासाचे गणित रशियाचे कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडले आणि ते कठोर आहे. बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या वेगाइतका वेग हवा असेल तर उड्डाणाच्या वेळचे वजन शेवटच्या वजनाच्या २.७ पट हवे. दुप्पट वेग हवा असेल तर सातपटीहून अधिक, तिप्पट हवा असेल तर वीसपट. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनातूनही वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपासच बाहेर पडतो, आणि पृथ्वीच्या बंधनातून सुटायला लागतात ११.२ किलोमीटर. चंद्रयान ३ चे वजन सुमारे ३,९०० किलो होते. ते उचलायला एलव्हीएम ३ हे ६४० टनांचे रॉकेट लागले.

म्हणूनच इस्रोने वेगापेक्षा काटकसर निवडली. अपोलो ११ चार दिवसांत चंद्राच्या जमिनीवर पोचले. चंद्रयान ३ ने १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३ असे चाळीस दिवस घेतले. पृथ्वीभोवतीची कक्षा थोडी थोडी वाढवत, इंधन वाचवत ते गेले. अखेरच्या टप्प्यात ३० किलोमीटर उंचीवर विक्रम लँडरचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. सगळा वेग इंजिनांच्या उलट्या धक्क्यानेच उतरवायचा होता. लँडरचे पाय सेकंदाला ३ मीटरपर्यंतचा आघात सोसतील असे मजबूत केले होते. मुंबईतल्या उंच इमारतींतल्या कितीतरी लिफ्ट याहून वेगाने धावतात. २०१९ मध्ये चंद्रयान २ चंद्राच्या अगदी जवळ पोचले होते. कमी पडले ते थांबण्याच्या टप्प्यात, आणि २०२३ चे यश याच टप्प्यावर मिळवलेले यश आहे.

पृथ्वीवर परतताना हवा ब्रेकचे काम करते, पण त्याची किंमत मोठी असते. कक्षेतल्या वेगाने जाणाऱ्या प्रत्येक किलोमागे साठलेली ऊर्जा एक किलो टीएनटी स्फोटकाच्या सुमारे सातपट असते. ती सगळी उष्णतेत बदलते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतत असताना डाव्या पंखाच्या उष्णतारोधक आवरणाला पडलेल्या भेगेतून तप्त वायू आत शिरला आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर आपण गमावले. त्यांना वेगाने मारले नाही. वेग उतरवणारी ढाल फुटली होती.

गुरुत्वाची मदत

इंधनाच्या बळावर जाता येते त्याहून वेगाने जाण्याचा एकच मार्ग आजवर यशस्वी ठरला आहे: ग्रह-ताऱ्यांच्या गुरुत्वाचा उपयोग. न्यू होरायझन्स हे यान २००६ मध्ये सेकंदाला १६ किलोमीटरहून अधिक वेगाने निघाले आणि नऊ तासांत चंद्राची कक्षा ओलांडून गेले. वाटेत गुरूने त्याला आणखी ढकलले. जुलै २०१५ मध्ये प्लूटोपाशी पोचल्यावर मात्र त्याला थांबता आले नाही, कारण तेवढा वेग उतरवायला लागणारे इंधन बरोबर नेणे अशक्य होते. नऊ वर्षांच्या प्रवासानंतर प्लूटोची जवळून भेट काही तासांचीच ठरली. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ आज सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर चालले आहे.

पार्कर यानाचा वेग तर इंजिनाचा नाहीच. सूर्याकडे पडताना तो मिळतो. पण पडण्याआधी पृथ्वीकडून मिळालेला सेकंदाला ३० किलोमीटरचा आडवा वेग कमी करावा लागतो. नाहीतर यान सूर्याला नुसती प्रदक्षिणा घालत राहते. ही घट करण्यासाठी ते यान शुक्राजवळून सात वेळा गेले. तेव्हा कुठे ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचले आणि सेकंदाला १९२ किलोमीटर वेगाने गेले. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर या वेगाने चार सेकंदांत संपेल. माणसाने बनवलेल्या सर्वांत वेगवान यानालाही आधी हळू व्हावे लागले.

निसर्गातल्या वस्तूंचे वेगही गुरुत्वच ठरवते. दुरून येणारा कोणताही दगड पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटरने शिरतो. सूर्याच्या बंधनातला दगड समोरून आला तर जास्तीत जास्त ७२ किलोमीटरने. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड १९ किलोमीटर वेगाने आला होता. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर हा अशाच एका आघाताचा बेसाल्टमध्ये कोरलेला पुरावा आहे. २०२५ मध्ये सापडलेला ३आय अ‍ॅटलस हा धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातून सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने सूर्यमालेत शिरला. आकाशगंगेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून मे २०१८ मध्ये एस२ हा अख्खा तारा सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून अधिक वेगाने गेला. तो वेग प्रकाशाच्या अडीच टक्क्यांहून जास्त होता.

लिफ्टने अंतराळात

लिफ्ट आणि यान यांचा मिलाफ करण्याची कल्पनाही जुनी आहे. १८९५ मध्ये त्सिओलकोव्हस्की यांनी आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्याचा विचार मांडला आणि १९६० मध्ये युरी आर्त्सुतानोव्ह यांनी वरून खाली सोडलेल्या दोराचा. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि एकाच जागी टांगलेला दिसतो. तिथून एक दोर खाली आणि तोल राखणारा दुसरा दोर वर सोडायचा, की लिफ्ट तयार. जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ मध्ये ९६ हजार किलोमीटर लांबीच्या दोराचा आराखडा मांडला. त्यावरून डबा तासाला २०० किलोमीटरने चढेल आणि ३६ हजार किलोमीटरवर साधारण साडेसात दिवसांत पोचेल.

रॉकेट काही मिनिटांत कक्षेत पोचते, ही लिफ्ट आठवडा घेईल. तरीही तिचे आकर्षण मोठे आहे, कारण फेकण्यासाठी इंधनाचे डोंगर वाहून न्यावे लागणार नाहीत. दोराबरोबर फिरताना आडवा वेग पृथ्वीच्या परिवलनातूनच मिळत जाईल. सुमारे ४७ हजार किलोमीटरच्या वर डबा सोडून दिला तर तो पृथ्वीच्या बंधनातून आपोआप सुटेल. अडचण पुन्हा दोराचीच आहे. स्वतःचे वजन इतक्या लांबीवर पेलणारा पदार्थ हवा. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हापासून आशा वाढली. पण त्यांचा हजारो किलोमीटर लांब, निर्दोष दोर विणणे अजून कोणालाही जमलेले नाही. शिवाय संथ चढणाऱ्या प्रवाशांना पृथ्वीभोवतीच्या व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यातल्या किरणोत्सारातून दीर्घकाळ जावे लागेल. आज ही कल्पना भौतिकशास्त्राच्या नियमांत बसते, उपलब्ध पदार्थांच्या आवाक्यात बसत नाही.

शेवटची हद्द

या सगळ्या वेगांच्या वर एक हद्द आहे: सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. प्रकाशाला वेळ लागतो हे ओल रोमर यांनी १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवले आणि वस्तुमान असलेली कोणतीही वस्तू हा वेग गाठू शकत नाही, हे आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सिद्धांतातून निघाले. वेग वाढवायला द्यावी लागणारी ऊर्जा हद्दीजवळ अमर्याद वाढत जाते. ‘सर्न’ या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉन या हद्दीला जवळजवळ टेकतात, त्यानंतर कितीही ऊर्जा दिली तरी वेग नाममात्रच वाढतो. १९९१ मध्ये अमेरिकेतील युटामध्ये नोंदलेला एक वैश्विक किरण त्याहूनही हद्दीजवळ होता, तरी तिच्या आतच.

ही हद्द मोडल्यासारखे वाटले तेव्हा शास्त्रज्ञांनी ती कसोशीने तपासली. २०११ मध्ये सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोला पाठवलेले न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचे एका गटाला दिसले. नंतर तपासात एका तारेची जोडणी सैल निघाली आणि हद्द कायम राहिली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर दोन सेकंदांहून कमी अंतराने पृथ्वीवर पोचले. गुरुत्वीय लहरीही प्रकाशाच्याच वेगाने जातात, याचा हा भक्कम पुरावा होता. अशा लहरी टिपणारी लायगो इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जात आहे. फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून वेगाने दूर जातात हे खरे आहे. पण तिथे मधले अवकाशच प्रसरण पावते, दीर्घिका त्यातून धावत नाही. त्यामुळे नियम मोडत नाही.

दर सेकंदाला फक्त ९.८ मीटरने, म्हणजे पृथ्वीवर आपल्याला जाणवणाऱ्या वजनाइतक्याच बलाने, एखादे यान वर्षभर वेग वाढवत राहिले तर ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचेल. शरीराला हे सहज सोसेल. एवढी ऊर्जा मात्र आपल्याकडे नाही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट योजनेने म्हणून काही ग्रॅम वजनाची याने लेझरने ढकलण्याचे ठरवले. प्रकाशाच्या २० टक्के वेगाने ती प्रॉक्झिमा सेंटॉरी ताऱ्याकडे वीसेक वर्षांत जावीत असा बेत होता. तिथे त्यांना थांबता आले नसते. ताऱ्याजवळचा ग्रह त्यांच्या समोरून क्षणात निघून गेला असता.

वेग वाचावा कसा

एवढा आढावा घेतल्यावर माझे मत ठाम आहे. वेगाचा नवा उच्चांक वाचला की तीन प्रश्न विचारावेत: हा वेग कशाच्या तुलनेत आहे, तो किती अंतरात मिळाला, आणि तो उतरवायचा कसा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी होते त्यांचेच प्रवास माणसाच्या कामी आले. उत्तर नव्हते त्यांनी पुढे निघून जाताना छायाचित्रे पाठवली. तेही ज्ञान मोलाचे, पण तिथे उतरता आले नाही. पुढच्या काळात अंतराळ संशोधनावर खर्च करताना नव्या इंजिनांइतकेच लक्ष उतरण्याच्या आणि परतण्याच्या तंत्राकडे द्यायला हवे.

हाच नियम आपल्या घराजवळही लागू आहे. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि लिफ्टची नियमित तपासणी बंधनकारक आहे. नव्या इमारतीत घर पाहताना लिफ्ट किती वेगाने जाते हे आपण आवर्जून विचारतो. तिचा ब्रेक शेवटचा कधी तपासला, हेही विचारा, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत ती तारीख सगळ्यांना सांगा.